भांगलण कमी करायची तर जमीन झाकायची



गेल्या काही बैठकांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "ताई, ते किनोवा म्हणतात ते आपल्याकडं पिकतं का? शहरात म्हणे चांगल्या दरानं जातं." कुणाच्या मुलानं मोबाईलवर बघितलेलं असतं, कुणाला बाजारात एखादा व्यापारी भेटलेला असतो. पिकतं का, एवढ्याचं उत्तर सोपं आहे : रब्बीत, थंडीत, निचऱ्याच्या जमिनीत पिकतं. पण त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ते भांगलायचं कुणी?

म्हणून या अंकातला धडा किनोव्यापासून सुरू करते, पण तो किनोव्यापुरता नाही. उसाला, नाचणीला, राजगिऱ्यालाही हाच धडा लागू पडतो.

किनोवा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला, पेरू आणि बोलिव्हियाचा. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष किनोव्याचं वर्ष म्हणून पाळलं आणि तेव्हापासून त्याचं नाव जगभर झालं. पण गंमत अशी की त्याचा सख्खा भाऊबंद आपल्या रानात कायमचा आहे. आपण ज्याची ताकातली भाजी करतो तो चाकवत. दोन्ही एकाच कुळातले, आणि कोवळेपणी पानं इतकी सारखी की पंधरा दिवसांच्या पिकात चाकवत कुठला आणि किनोवा कुठला हे ओळखताना जुन्या जाणत्या बाईचीसुद्धा फसगत होईल. घाईत भांगलताना पीक उपटलं जातं आणि तण राहतं.

त्यात किनोव्याचं बी बारीक, राजगिऱ्यापेक्षा थोडं मोठं एवढंच. पहिला महिनाभर ते अगदी हळू वाढतं. तण मात्र थांबत नाही. आणि फवारणीचा मार्गही बंद, कारण जे औषध चाकवताला मारेल ते किनोव्यालाही मारणार. राजगिऱ्याचंही असंच आहे, तिथं तांदुळजा आणि रानमाठ भाऊबंद म्हणून उभे असतात. म्हणजे हे पीक घ्यायचं तर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात दोन-तीन वेळा खुरपं घेऊन बसणं आलं. हा खर्च धरल्याशिवाय "चांगला दर" या शब्दाला काही अर्थ नाही.

आता हा खर्च घरच्या हिशोबात का दिसत नाही ते बघा. बी आणलं की पावती असते, खत आणलं की पावती असते, ट्रॅक्टरवाला तर पैसे घेतल्याशिवाय हलत नाही. भांगलण घरची बाई करते. तिची हजेरी कुठल्याच वहीत लिहिली जात नाही, म्हणून ती फुकट धरली जाते. समजा दहा गुंठ्यांची एक भांगलण चार बायकांचे दोन दिवस खाते. म्हणजे आठ हजेऱ्या. तीन भांगलणी झाल्या तर चोवीस. तुमच्या गावात आज जी हजेरी चालू आहे तिनं चोवीसला गुणा, आणि मग पिकाचा नफा-तोटा सांगा. मी बैठकीत हे गणित फळ्यावर मांडते तेव्हा जरा वेळ कुणी बोलत नाही.

जमीन उघडी राहिली की तण येणारच

तणाच्या बारीक बियांपैकी पुष्कळ बियांना उगवायला उजेड लागतो. वर्षानुवर्षं त्या मातीत पडून असतात. नांगर किंवा रोटर फिरला की खालच्या वर येतात, ऊन लागतं आणि उगवतात. म्हणून तर मशागत जितकी जास्त तितकं तण हिरवंगार. तण उपटण्याऐवजी त्याला उगवूच द्यायचं नाही असं ठरवलं, तर जमीन झाकणं हा सरळ उपाय आहे.

झाकायची दोन प्रकारांनी. एक, जिवंत पिकानं. ताग, धैंचा, चवळी, हुलगा ही दाट वाढणारी पिकं सावली धरतात, तणाची जागा आणि पाणी घेतात. दुसरं, त्याच पिकाला कापून जागेवर आडवं केलं की त्याचं पांघरूण होतं. त्याखाली उजेड जात नाही, ओल टिकते, आणि कुजताना गांडुळांना खायला मिळतं. ताग आपल्याला नवा नाही. आपण तो हिरवळीचं खत म्हणून गाडतो. गाडला तर खत होतं, पण गाडताना माती पुन्हा उलटी होते आणि नवं तण वर येतं. तणासाठी करायचं तर ताग गाडायचा नाही, झोपवायचा. फरक एवढाच, पण सगळं काम त्या फरकात आहे.

आणखी एक गोष्ट आहे जी बहुतेकदा सांगितली जात नाही. हिरवं पीक कुजू लागलं की त्यातून असे काही पदार्थ सुटतात जे बारीक बियांची उगवण दाबतात. तणाचं बी बारीक, ते दबतं. पण किनोव्याचं, राजगिऱ्याचं, नाचणीचं बीही बारीकच! तेही दबतं. म्हणून ताग कापल्या कापल्या दुसऱ्या दिवशी बारीक बी पेरायचं नाही. दोन ते तीन आठवडे जाऊ द्यायचे. तयार रोप लावायचं असेल किंवा उसाची कांडी, भुईमूग, मका असं मोठं बी असेल तर एवढी अडचण येत नाही.

लव्हाळा आणि हराळी यांच्याबद्दल मात्र खोटी आशा ठेवू नका. लव्हाळ्याच्या खाली गाठी असतात, त्यात त्याची शिदोरी भरलेली असते. तो पांघरुणाला भोक पाडून वर येतो. दाट सावलीत तो अशक्त होतो हे खरं, पण एका हंगामात जात नाही. ज्या तुकड्यात लव्हाळा माजलाय तिथं पहिला प्रयोग करू नका, उगाच मन खट्टू होईल.

दहा गुंठ्यांत करून बघायचं तर

सगळं रान लावायची गरज नाही. बांधाकडचे पाच-दहा गुंठे पुरेत. सातबारा सासऱ्यांच्या किंवा मालकांच्या नावावर आहे आणि तेवढा तुकडाही मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. तरी मागा. गटाचा प्रयोग आहे, नोंद ठेवायची आहे असं सांगितलं की घरचे बहुधा अडवत नाहीत.

रब्बीत किनोवा किंवा राजगिरा घ्यायचा असेल तर त्या तुकड्यात खरिपाला उडीद किंवा मूग घ्या, तो ऑगस्टअखेर निघतो. सोयाबीन घेतलं तर वेळ पुरणार नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाफसा आला की एक हलकी कुळवणी करून ताग फेका. गुंठ्याला अर्धा किलो बी, म्हणजे एकरी वीस किलोच्या आसपास. यापेक्षा थोडं जास्त पडलं तरी चालेल, विरळ मात्र नको. विरळ ताग उंच वाढतो, खोड लाकडासारखं होतं आणि मधे तण मजेत वाढतं. दाट पडला की पंधरा-वीस दिवसांत जमीन दिसेनाशी होते. या काळात एकदा आडवं-तिडवं फिरून बघा, जिथं टक्कल पडलंय तिथं मूठभर बी पुन्हा टाका.

पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत फुलाची कळी दिसू लागते. दिवस लहान होत असल्यामुळे सप्टेंबरचा ताग थोडा लवकरही फुलतो. पहिली फुलं दिसली की विळा घ्यायचा. आधी कापला तर कोवळा असतो, आठ दिवसांत कुजून जातो आणि पांघरूण उरत नाही. उशीर केला तर शेंगा धरतात आणि तागच पुढच्या वर्षीचं तण होतो. कापायचा अगदी जमिनीलगत, नाहीतर खालून पुन्हा फुटतो. कापलेला ताग जागेवरच एका दिशेनं, केस विंचरल्यासारखा आडवा टाका. मुळं उपटू नका, ती मातीतच कुजू द्या. पांघरूण चार बोटं जाड झालं पाहिजे. हात घालून बघा, माती दिसली तर तेवढ्या ठिकाणी बांधावरचा पालापाचोळा आणून टाका. दाणे भरलेला ताग जनावरांपुढं टाकू नका, त्याचं बी त्यांना बाधतं.

मग दोन-तीन आठवडे थांबायचं. नोव्हेंबरच्या मध्याला खुरप्यानं किंवा कोळप्याच्या एका फणानं सरळ रेघ ओढायची, रेघेवरचं पांघरूण चार बोटं बाजूला सारायचं आणि त्या उघड्या पट्टीत बी पेरायचं. बी खोल गेलं तर वर येत नाही, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जास्त खोल नको. ज्यांना जमेल त्यांनी ट्रेमध्ये रोपं करून लावली तर आणखी बरं. रोप तणाच्या आधी पुढं जातं, आणि चाकवत कुठला हा घोळही राहत नाही, कारण रोप तुम्ही लावलेल्या जागीच असतं. पुढं भांगलण राहते ती फक्त रेघेतली. रेघांच्या मधलं काम पांघरूण करतं.

पांघरुणाखाली गोगलगायी आणि उंदीर येतात. पहिले पंधरा दिवस सकाळी लवकर एक फेरी मारा, गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका.

तागाऐवजी चवळी घेतली तर शेंगा खायला मिळतात आणि वैरण होते, पण तिचं पांघरूण पातळ असतं आणि लवकर कुजतं. कोरडवाहू माळावर हुलगा बरा, कमी पाण्यात जमीन झाकतो. ज्यांना पाण्याची ओढ आहे त्यांनी हे लक्षात ठेवा की झाकणारं पीकसुद्धा पाणी पितं. विहीर जानेवारीत आटत असेल तर ऑक्टोबरमध्ये ताग पाजून किनोवा तहानलेला ठेवणं शहाणपणाचं नाही. तिथं बाहेरून आणलेलं पाचट, भुसकट अंथरलेलं परवडतं.

शिरोळच्या तायांसाठी थोडं वेगळं. तुमच्याकडच्या खारवट जमिनीत किनोवा येईल असं कुणीतरी सांगेल. किनोवा खारटपणा सोसतो ही गोष्ट खरी आहे. पण साचलेलं पाणी त्याला अजिबात चालत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक क्षारपड जमिनी पाणथळसुद्धा आहेत. चर काढून निचरा होत असेल तरच विचार करा. तोवर धैंचा घ्या, तो खारही सोसतो आणि पाणीही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ज्या रानांवर गाळ बसला तिथं आधी जमीन सावरायला हवी, नवं पीक मागाहून.

आपल्या उसाचं आणि नाचणीचं काय

खरं सांगायचं तर आपल्या जिल्ह्यात जमीन झाकायला लागणारं सगळ्यात मोठं भांडवल आपण दरवर्षी काडी लावून जाळतो. ऊस तुटला की एकरी तीन-चार टन पाचट पडतं. पेटवलं की तासाभरात रान मोकळं, म्हणून पेटवतात. तेच पाचट खोडव्यात सरीत पसरून ठेवलं तर भांगलण निम्म्याहून कमी होते, हे ज्यांनी केलंय त्यांच्या बांधावर जाऊन विचारा. कुजवण्यासाठी टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणूखत असं प्रमाण सांगितलं जातं. तीन टन पाचट असेल तर चोवीस किलो युरिया, तीस किलो सुपर आणि तीन किलो जिवाणूखत. आधी बुडखे जमिनीलगत छाटून घ्यायचे, पाचट बुडख्यांवरून बाजूला करायचं, मग पाणी द्यायचं.

आडसाली लागणीचं रान असेल तर जूनच्या पहिल्या पावसावर ताग फेकून जुलैअखेर तो आडवा करता येतो. लागण झाल्यावर रुंद सरीत मधे तागाची ओळ टाकून बाळभरणीच्या वेळी कापायची, हेही पुष्कळ जण करतात.

राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगडकडच्या तायांची नाचणी रोप लावणीची असते, हे बारीक बियाच्या दृष्टीनं चांगलंच. तिथं पावसाळ्यात जाड पांघरूण टिकणं अवघड, पाणी वाहून नेतं. तिथं जिवंत झाकण बरं : नाचणीच्या चार ओळींनंतर उडदाची एक ओळ. उडीद पसरतो, मधली जागा धरतो, आणि घरात डाळ येते. डोंगरातल्या आज्ज्यांनी नाचणीत उडीद, तूर, वरणा मिसळला तो काय उगीच नाही.

चिपळूणकरांची वाट

तणाबद्दल बोलताना कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ते कृषी पदवीधर शेतकरी. नांगरट सोडून ऊस आणि भात करता येतो हे त्यांनी स्वतःच्या रानात केलं आणि 'अ‍ॅग्रोवन'मधून वर्षानुवर्षं लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तण हा शत्रू नाही, ते जागेवर वाढू द्यावं, योग्य वेळी मारावं, आणि त्याची मुळं आणि आधीच्या पिकाचे बुडखे जमिनीतच कुजू द्यावेत. बाहेरून गाड्या भरून शेणखत आणण्यापेक्षा जमिनीत कुजलेली मुळं जास्त कामाची. रायगडातल्या नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनीही भातात न नांगरता गादीवाफ्यावर टोकणीची 'सगुणा' पद्धत याच विचारानं बसवली.

दोघांच्याही पद्धतीत तण मारायला तणनाशक येतं. इथं मी जरा थांबते. ग्लायफोसेटबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये, माणसात कर्करोग होण्याचा संभव आहे असा इशारा दिला. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर बंधन घातलं. शास्त्रज्ञांत यावर वाद आहेत, ते त्यांनी घालावेत. आपल्या घरात मात्र पंपासाठी पाणी कोण आणतं, फवारलेले कपडे कोण धुतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रानात वैरण कापायला कोण जातं, हे तुम्ही जाणता. माझं मत विचाराल तर दहा गुंठ्यांना विळा पुरतो. चिपळूणकरांकडून जमीन न उलटण्याचा विचार घ्यावा, औषधाचा डबा मोठ्या रानाच्या मालकांसाठी सोडावा.

पण आमची हजेरी?

हा प्रश्न एका बैठकीत मागं बसलेल्या मावशींनी विचारला. त्यांच्या नावावर जमीन नाही, भांगलणीवरच घर चालतं. "सगळ्यांनी रान झाकलं तर आम्ही जायचं कुठं?" मला तेव्हा चटकन उत्तर देता आलं नाही. प्रश्न योग्य होता, आणि ज्या गटात निम्म्या जणी भूमिहीन आहेत तिथं तो आधी सोडवायला हवा.

काम संपत नाही, बदलतं, असं मला दिसतं. ताग कापून अंथरणं हेही हातकाम आहे, आणि ते पाठ मोडून दिवसभर उकिडवं बसण्यापेक्षा सुसह्य. गटानं ते ठेक्यानं घ्यावं : गुंठ्याला इतके रुपये, पैसे गटाच्या खात्यावर. पाचट पसरण्याचंही तसंच. तागाचं बी दरवर्षी दुकानातून आणावं लागतं, गटातल्या एकीच्या पाच गुंठ्यांत ताग पिकवून बी धरलं तर ते गावातच विकता येईल. नाचणी, राजगिऱ्याची रोपं ट्रेमध्ये तयार करून देणं हे तर परसात बसून होतं. तरी मी असं म्हणणार नाही की गेलेली प्रत्येक हजेरी भरून निघेल. म्हणून ज्या गावात हा प्रयोग करायचा तिथं ग्रामसंघाच्या बैठकीत भूमिहीन तायांना हे ठेक्याचं काम पहिल्यांदा मिळेल असा ठराव लिहून घ्या, तोंडी नको.

किनोव्याबद्दल शेवटचं सांगते. त्याच्या दाण्यावर कडू साल असते, ती घासून आणि फेस जाईपर्यंत धुऊन काढावी लागते. हे कोण करणार, माल कोण घेणार, किती घेणार, हे पेरणीच्या आधी कागदावर आल्याशिवाय दहा गुंठ्यांच्या पुढं जाऊ नका. राजगिऱ्याला आणि नाचणीला आपल्या बाजारात गिऱ्हाईक आधीपासून आहे. मी असते तर पहिल्या वर्षी अर्ध्या तुकड्यात राजगिरा केला असता.

प्रयोग करणाऱ्या तायांनी गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवायचं. तुकड्याचे दोन भाग करा, एक झाकलेला, एक नेहमीसारखा. प्रत्येक भांगलणीची तारीख, किती जणी, किती तास, घरच्या किती आणि मजुरीच्या किती, हे दोन्ही भागांसाठी लिहा. ताग कापायला लागलेले तासही त्यातच धरा, ते लपवू नका. बियाचे पैसे, पाण्याच्या पाळ्या आणि शेवटी निघालेला माल किलोत. लिहिता येत नसेल तर कृषीसखीला सांगा, ती बैठकीच्या दिवशी भरून घेईल. माती किंवा बियाण्याबद्दल अडलं तर कणेरी किंवा तळसंदे यांतलं जे कृषी विज्ञान केंद्र जवळ पडेल तिथं गटानं मिळून जा, एकटीदुकटीनं गेलं की उत्तर लवकर मिळत नाही. ज्यांना सप्टेंबरला ताग टाकायचा आहे त्यांनी किती गुंठे ते ऑगस्टच्या प्रभागसंघ बैठकीत सांगा, म्हणजे बी एकत्र आणता येईल.